हिरवळीवरचा सत्कार

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ टुणकन उभा राहिला आणि पाणाड्या म्हणाला, "हितं. हितं गंगा हाय."

हितं म्हणजे माझ्या हिरवळीच्या बरोबर मधोमध. हिरवळ हा शब्द मी सवयीनं वापरत होतो. त्या एप्रिलमध्ये बार्शीतल्या आमच्या शिक्षक कॉलनीत जमिनीवर जे काही उरलं होतं, त्याचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा होता.

"नक्की?" मी विचारलं.

"माणूस खोटं बोलंल, आप्पा. नारळ न्हाई बोलत."

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं काढलेली. पाण्याच्या बाबतीत खोटं न बोलणारं कुणीतरी अखेर भेटलं, ह्याचाच मला आनंद झाला. मी त्या जागी विटेचा तुकडा ठेवला. वळून बघतो तर दारात गिरिजा, म्हणजे आमची ही, हातात ताटली घेऊन तांदूळ निवडत उभी.

"नीलू परवा संध्याकाळी येणार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच आज बोलावलात का त्याला?"

मी विटेचा तुकडा पायानं जरा सरळ केला. ती तांदळातले खडे काढत राहिली.

नीलांबिका ही आमची एकुलती एक मुलगी. आता ती नगरला शिकवते, दिवाळीला येते आणि भाऊबीज व्हायच्या आत परत जाते. मी सांगतोय ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा ती तिशीची होती, पुण्यातली नोकरी सोडून घरी आली होती आणि इथल्या कॉलेजात भूगोल शिकवत होती. पुण्याहून येताना लोकांची मुलं सामान आणतात, हिनं नियम आणले. अंघोळ एका बादलीची, तीही गळ्यापर्यंत न भरलेली. गाडी नको, सायकल. कूलर नको, कारण तो दिवसाला घरातल्या तिघांपेक्षा जास्त पाणी पितो. भांडी विसळलेलं पाणी लिंबाच्या झाडाला.

मला ह्याचा काही त्रास नव्हता. उलट सोयच होती. जिल्ह्याच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं 'तिरकी काठी' हे विनोदी सदर चालवलं. सदर बंद पडलं तरी तोंड बंद पडलं नव्हतं, आणि संध्याकाळच्या कट्ट्यावर रोज नवा मजकूर लागायचा. "आमची कन्या अंघोळ करत नाही, अंघोळीचा नुसता उल्लेख करते," असं मी सांगायचो. मंडळी मांड्यांवर थापा मारून हसायची. नीलू तिथूनच सायकलवरून जायची. तिला ऐकू यायचं. कधीकधी तीही हसायची, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं मला वाटायचं.

त्या वर्षी नळाला बारा दिवसांनी पाणी येत होतं. आमच्या गल्लीत अकरा घरं आणि एक आड. आड सय्यद मास्तरांच्या अंगणात होता, कॉलनी व्हायच्या फार आधीचा. मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, माझ्याच बरोबरीचे. त्यांनी आडाला कधी कुलूप लावलं नाही आणि कुणाच्या घागरी मोजल्या नाहीत. मार्चमध्ये दोन-तीन घरांनी बोअर मारायचं मनावर घेतलं, तेव्हा नीलू एक कागद घेऊन घरोघर फिरली. पाऊस पडेपर्यंत कुणी बोअर मारायचं नाही. मास्तरांच्या आडाचं पाणी घरटी आठ घागरी, सगळ्यांना सारखं.

"खाली खडकाला भोक पाडलं की वरच्या मुरमातलं पाणी त्यातून उतरून जातं," ती प्रत्येक दारात सांगायची. "आड बसल्या जागी आटतो. मग ज्याचं बोअर सगळ्यात खोल त्याला पाणी, बाकीच्यांनी बघत बसायचं."

समोरचा माने काही ऐकेना. त्याची लेक बाळंतपणाला आली होती. "बाळंतिणीला पाणी किती लागतं, ताई, तुमाला काय म्हाईत?" तो म्हणाला. लग्न न झालेल्या मुलीनं ते ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "काका, आमच्या आठातल्या दोन घागरी तुमच्या. रोज मी आणून देईन."

तरी माने कागद हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "आप्पा करत्यात का सही? त्यांनी केली तर माझी बी घ्या."

मी केली. पहिली सही माझी. वर म्हणालो, "पाण्याच्या खात्यात जन्मभर सह्याच केल्या, पाणी कुठं आलं? ही एक आणखी घ्या." सगळे हसले आणि हसता हसता सगळ्यांनी सह्या केल्या. नीलूनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडं तसं बघितलं, जसं ती सातवीत पहिली आल्यावर मी तिच्याकडं बघितलं होतं.

एप्रिलच्या शेवटी मला पंचाहत्तर पूर्ण होत होती. वाचनालयाच्या मंडळींनी अमृतमहोत्सवी सत्कार ठरवला. पत्रिकेवर जागा काय छापायची, ह्यावरून आमच्या घरात ठिणगी पडली.

"वाचनालयाच्या हॉलमध्ये करा ना, आप्पा," नीलू म्हणाली.

"तिथले पंखे वक्त्यापेक्षा मोठ्यानं बोलतात."

"मग शाळेचं पटांगण."

"मला माझ्या हिरवळीवर हवाय. वीस वर्षं जपलीय मी ती."

"ती मेलीय, आप्पा."

"पाणी दिलं की उठेल."

"कुणाचं पाणी?"

ह्यावर माझ्याकडं विनोद नव्हता, म्हणून मी आवाज चढवला. "तुमच्या पिढीला कुणी चार घटका मजेत दिसलं की गुन्हा वाटतो. आम्ही काय दुष्काळ बघितला नाही? बहात्तर सालची सुकडी खाल्लीय आम्ही. आता म्हातारपणी गवतावर चार खुर्च्या टाकल्या तर पृथ्वी बुडणार आहे का तुझी?"

"पृथ्वीचं राहू द्या. मी समोरच्या मानेकाकांच्या लेकीबद्दल बोलतेय."

"तिचं बघायला तिचा बाप आहे."

"त्या बापानं तुमची सही बघून सही केलीय."

"दोघंही आधी जेवून घ्या," गिरिजा म्हणाली. "भांडायलासुद्धा बळ लागतं."

पुढच्याच आठवड्यात नीलू पेपर तपासायला तीन दिवस सोलापूरला गेली. तिच्या एसटीची धूळ खाली बसायच्या आत मी पाणाड्याला निरोप धाडला.

नारळ उभा राहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बोअरची गाडी गल्लीत शिरली. गाडी तमिळनाडूची, माणसंही तिकडचीच. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला तमिळ. पण चोरी करायला भाषा लागत नाही. मी विटेकडं बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. मग जो आवाज सुरू झाला त्यात सगळ्या गल्लीची दारं उघडली. खडकाचं पीठ उडून सय्यद मास्तरांच्या दोरीवरचे कपडे, मानेची मोटरसायकल, माझ्या भुवया, सगळं एका रंगाचं झालं. दीड वाजता, पावणेचारशे फुटांवर, पाणी उसळलं.

यंत्र थांबलं. कान बधिर झाल्यासारखी शांतता पसरली. फाटकाबाहेर गल्ली उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आप्पा, ह्ये काय?" माने म्हणाला.

"पाणी," मी म्हणालो.

नेहमी हसणारा माने हसला नाही. "नीलाताईला म्हाईत हाय?"

त्या क्षणी मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण दहा-पंधरा माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तशी नजर मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हती. तोंडातून निघालं, "अरे, तिनंच तर जागा काढून दिली. शास्त्रीय पद्धतीनं. इथून मारलं तर आडाला धक्का लागत नाही."

नारळाचं श्रेय मी मुलीला देऊन टाकलं. दारात उभी असलेली गिरिजा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मानेनं मान डोलावली. त्याला पटलं होतं, हेच वाईट. भूगोलाची बाई म्हणाली म्हणजे खरं. तो गाडीवाल्याकडं गेला, आधी स्वतःच्या घराकडं आणि मग आकाशातल्या सूर्याकडं बोट दाखवून हातानंच 'उद्या' म्हणाला. गाडी गल्लीतून बाहेर पडलीच नाही. पाच दिवसांत सात बोअर झाले. चार घरांना पाणी लागलं, तीन घरांना पीठ. मानेला पीठ.

नीलू आली तेव्हा गाडी मानेच्या अंगणातून टोकाच्या घराकडं सरकत होती. मी हिरवळीला पाणी घालत होतो. ती स्टँडवर ठेवलेली सायकल ढकलत गल्लीत शिरली, आणि मानेच्या बायकोनं तिला आमच्या फाटकासमोरच गाठलं.

"या, बाई! आमाला घागरी मोजून देत हुता, अन् बापाला गुपचूप जागा दावून गेला व्हय? आमची पोरगी आज बाळंत हुईल न्हाईतर उद्या. बाळाला आंघुळ मातीनं घालू का?"

नीलूनं आधी बोअरच्या पाइपकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या तोंडून काही येतंय का, ह्याची वाट बघत ती उभी राहिली. मी हातातला पाइप दुसऱ्या कोपऱ्याकडं वळवला.

घरात आल्यावर तिनं चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि मग विचारलं, "आप्पा, मी जागा दाखवली?"

"अगं, त्या वेळी तोंडातून गेलं."

"मग जा आणि तोंडानंच परत घ्या. दहा दारं आहेत."

"दारोदार काय फिरायचं? सत्काराला सगळी गल्ली येणार आहे. तिथं एकदाच सांगतो. माइकवरून. सगळ्यांसमोर."

"नक्की?"

"शब्द."

"तूच सांगून टाक की गं," गिरिजा म्हणाली.

"मी सांगितलं तर बापाला खोटारडा म्हणतील आणि मला चहाडखोर," नीलू म्हणाली. "त्यांनीच सांगू दे. मी थांबते."

ती आठ दिवस थांबली. त्या आठ दिवसांत आड आटला. सय्यद मास्तरांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. पोहरा खाली सोडला, वर ओढला, माझ्या पायाशी ओतला. चिखल होता, त्यात एक बेडूक.

"बिराजदारसाहेब, हा आमच्या आजोबांनी खणलेला," मास्तर म्हणाले. "लोक म्हणतात, जागा नीलूनं दाखवली. मला ते खरं वाटत नाही."

मास्तरांनी दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"उन्हाळाच तसा आहे, मास्तर," मी म्हणालो.

आमच्या बोअरला मात्र भरपूर पाणी होतं. मी रोज चार ते सहा फाटक उघडं ठेवायला लागलो. लोक घागरी घेऊन यायचे. मानेच्या घरी नातू झाला होता, त्यांना मी पाच घागरी जास्त देत होतो. "आप्पा हायेत म्हणून निभावलं," मानेची बायको म्हणायची. नीलू समोरून गेली की बायका बोलायच्या थांबायच्या आणि नळाकडं बघायच्या. कट्ट्यावर माझी किंमत वाढली. आडाचं पाणी पळवणारा मी त्या गल्लीत पाणी देणारा झालो होतो. इतका चांगला विषय सव्वीस वर्षांत मला कधी सुचला नव्हता.

सत्काराच्या संध्याकाळी हिरवळ खरोखर हिरवी होती. साठ-सत्तर खुर्च्या मांडल्या होत्या. बायका चपला काढून गवतावरून चालून बघत होत्या. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. शाल पांघरून झाल्यावर ते म्हणाले, "आप्पांनी आयुष्यभर आपल्याला हसू दिलं, आणि ह्या भीषण दुष्काळात पाणी दिलं." मोठी टाळी पडली. सय्यद मास्तर पहिल्या रांगेत होते. माने दुसऱ्या रांगेत. नीलू सगळ्यांच्या मागं, फाटकाला टेकून उभी होती.

मी माइक हातात घेतला. मी शब्द दिला होता, आणि तो पाळायचा असं मनाशी पक्कं ठरवून उभा राहिलो होतो. ह्या एका बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवा.

"मंडळी, एक खरं सांगायचंय," मी म्हणालो. "तुम्ही आत्ता ज्याला शाल दिलीत, तो माणूस चोर आहे."

उजवीकडून एक हसू आलं.

"कागदावर पहिली सही माझी, आणि जमिनीला पहिलं भोकही माझंच. माझ्या मुलीला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. ती सोलापुरात पेपर तपासत होती. जागा काढली पाणाड्यानं, नारळ लावून. आणि मी तुम्हाला सांगितलं शास्त्रीय पद्धतीनं!"

सगळं अंगण हसलं. माने डोळे पुसत होता. प्राचार्य खुर्चीत पुढं-मागं होत होते. ह्यात त्यांची काही चूक नव्हती. स्वतःला शिव्या घालून लोकांना हसवायचं, हाच माझा जन्माचा धंदा. मी स्वतःला चोर, लबाड, आळशी, भित्रा म्हणालो की हसायचं, हे मीच त्यांना सव्वीस वर्षं शिकवलं होतं.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," मी म्हणालो, आणि टाळ्या पडल्या.

तेव्हा मी टेबलावर हात आपटू शकलो असतो. 'हसू नका' एवढं म्हणू शकलो असतो. त्यानंतर बाथरूममध्ये एकटा असताना मी ते किती वेळा म्हणून बघितलंय. त्या संध्याकाळी मात्र हसू आलं आणि माझ्या अंगानं जे नेहमी केलं तेच केलं. मी बोलायचा थांबलो. हनुवटी खाली, एक भुवई वर. हसू निम्म्यावर येऊ दिलं, आणि बरोबर निम्म्यावर आलं तेव्हा म्हणालो, "पाणाड्याला म्हटलं, बाबा, आमच्या खात्यात असतास तर नारळालासुद्धा पेन्शन मिळाली असती."

त्यापुढचं भाषण फार रंगलं, असं सगळे सांगतात.

पाहुणे गेल्यावर नीलू खुर्च्या एकात एक घालत होती. मी तिच्याजवळ गेलो. खांद्यावर शाल तशीच होती.

"सांगितलं मी," मी म्हणालो. "तू ऐकलंस."

"ऐकलं."

"ते हसले, त्याला मी काय करणार?"

"ते हसले ते त्यांचं, आप्पा." तिनं आणखी एक खुर्ची उचलली. "तुम्ही थांबलात. मी लहानपणापासून तुम्हाला बघतेय. तुम्ही कधी थांबता ते मला कळतं."

रात्रभर मी कूस बदलत पडलो. सकाळी चहाही न घेता समोर गेलो. दार मानेनं उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत तो आतल्या बाजूला ओरडला, "अगं ये, चोरसाहेब आल्यात!"

"माने, हसू नकोस," मी म्हणालो. "काल बोललो ते खरं होतं."

तो चौकट धरून हसायला लागला. त्याची बायको हात पुसत आली. पाठोपाठ लेक आली, मांडीवरचं मूल खांद्यावर टाकून.

"पुन्यांदा म्हना, आप्पा. काल लेकीला घरीच बाळाजवळ थांबावं लागलं," माने म्हणाला.

मी पुन्हा म्हणालो. भुवई हलू दिली नाही, कुठं थांबलो नाही. सही, सोलापूर, नारळ, खोटं, सगळं एका दमात सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला. माने हसायचा थांबला. लेकीनं आईकडं बघितलं. मला वाटलं, झालं एकदाचं.

मानेच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघा, बापाचं काळीज बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "लेकीचं पाप सोताच्या अंगावर घेत्यात, या वयात." मग माझ्याकडं वळून, "जाऊ द्या, आप्पा. आमी तिला काय बी बोलनार न्हाई. तुमच्याकडं बघून सोडलं."

लेकीनं मला चहा विचारला. मी नको म्हणालो आणि परत आलो.

नीलू ओसरीवर होती. तिनं मला रस्ता ओलांडताना बघितलं होतं.

"सांगितलंत?"

"सांगितलं. न थांबता."

"काकू काय म्हणाल्या?"

मला काहीतरी बनवून सांगता आलं असतं. मी मानेच्या बायकोचं बोलणं, एकही शब्द न बदलता, तिला सांगितलं. तुमच्याकडं बघून सोडलं, हेसुद्धा.

नीलू हसली. मनापासून हसली, ओठावर हात धरून, कट्ट्यावरची माणसं हसायची तशी.

"चांगलं जमलंय, आप्पा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली.